वास गेला की येते म्हणाली

१२ मे, सोमवार

शालन, लिहायला फार उशीर केला, राग धरू नकोस. जाताना तू ही वही दिलीस. म्हणालीस, फोनवर तुम्ही नुसते ओरडता, मला काही कळत नाही, त्यापेक्षा रोज चार ओळी लिहून ठेवा. आणि मी आज उघडतोय. आपली शाळा चौथीपर्यंतची. शिवाय लिहायचं काय? नाल्याचा वास येतो. खिडकी लावली तरी येतो. जेवताना येतो. दम्यानं हैराण होऊन तू वारणानगरला लेकीकडे, मंगलकडे गेलीस त्या दिवशी होता तसाच आहे.

आज कारण मिळालं म्हणून बसलो. सांडपाणी योजनेच्या ऑफिसातून एक मॅडम आल्या होत्या. दुपारी सगळ्या गल्लीत माझंच दार उघडं, म्हणून माझ्याकडे आल्या. वय मंगलएवढं असेल. आधी पुस्तकासारखं बोलत होत्या, मला निम्मं कळेना. मग पाणी दिलं, तेव्हा म्हणाल्या, "नाना, मी मुरगूडची हाय. सरळच सांगते." मग कळलं. आपल्या मोऱ्यांचं, संडासांचं पाणी आता नाल्यात जातं आणि नाल्यातनं नदीत. नवीन योजनेत ते पाइपातून एका जमिनीखालच्या विहिरीत गोळा करणार, तिथून पंपानं शुद्धीकरण केंद्राला ढकलणार. नाल्यात काही जाणार नाही. मी विचारलं, मग वास? म्हणाल्या, जाईल की.

विहिरीसाठी जागा काढलीय तालमीमागची. गणपतीचे वासे ठेवतो ती. तालमीनं आषाढ संपायच्या आत ना हरकत दिली तर आपला भाग या टप्प्यात. नाही दिली तर पुढच्या. पुढचा टप्पा कधी, तर म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू, नाना? म्हाईत न्हाय."

मला गल्लीचा नागरिक प्रतिनिधी केलं. सही घेतली. कशावर केली कोण जाणे.

एसटीच्या खिडकीतून तू म्हणालीस, "वास गेला की येते." तेच डोक्यात फिरतंय.

१५ मे, गुरुवार

मॅडमनी दिलेली योजनेची पत्रकं वाटली. वरच्या अंगाला निम्मी, उन्हानं चक्कर आली म्हणून परतलो. घरी आल्यावर वाटलं, गॅस चालू ठेवून गेलो होतो. नव्हता.

लोक पत्रक घेतात, पंख्यासारखं हलवतात. एक जण म्हणाला, "नाना, तुमची इलेक्षनला हुबं ऱ्हायची तयारी चाललीय काय?" हौसाक्का तेवढी चष्मा लावून पूर्ण वाचत बसली. मग म्हणाली, "चित्र झ्याक हाय. आमची गल्ली आसली कवा हुती?" तुझी चौकशी केली. कधी येणार विचारलं. मी नाल्याकडे हात केला.

२५ मे, रविवार

काल वारणानगरला येऊन गेलो. तुला माहीत असलेलंच लिहितोय, पण जे बोललो नाही ते लिहितो.

कॉलनीच्या फाटकापाशी आलो तेव्हा तू मला पाहिलं नव्हतंस. झाडाखाली पाच-सहा बायका पापड लाटत होत्या, त्यात तू. काहीतरी सांगत होतीस आणि सगळ्या हसत होत्या. तू पण. मी तिथेच उभा राहिलो. तू खोकलीस का ते बघत होतो. एकदाही नाही. चेहरा भरलाय. मला आनंद व्हायला पाहिजे होता.

मग म्हणालीस, "आवं, किती वाळलायसा! जेवता का न्हाय?" मी म्हटलं, जेवतो. तुझं हिरवं लुगडं आणलं होतं, त्यावर म्हणालीस, "कशाला आणलंसा? ठिवायचं की तितंच." तितंच ठेवायचं म्हणजे परत येऊन नेसणार म्हणून, की नकोच म्हणून? येताना सगळ्या रस्ताभर हेच.

मंगल म्हणाली, आबा, तुम्ही पण इथंच राहा. जावई पण म्हणाले, मनापासून म्हणाले. पण दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि जावयाच्या घरी सासऱ्यानं बाज टाकायची? एक दिवस पाहुणा म्हणून ठीक. तूही त्यावर काही बोलली नाहीस. कधी येतेस असं विचारायला तोंड उघडलं आणि शेवटची गाडी कितीला आहे ते विचारलं.

८ जून, रविवार

मॅडमनी (आता नुसतं मॅ. लिहितो) शुद्धीकरण केंद्र दाखवायला गाडी आणली होती. सगळ्या गल्लीनं यायचं म्हणून मोठी गाडी. आलो दोघं. मी आणि हौसाक्का. ती पण, तिच्या म्हणण्याप्रमाणे, घरात सून बोलत नाही म्हणून.

काळं पाणी येतं, एका हौदातून दुसऱ्यात जातं, फेसाळतं, निवळतं. मला भीती वाटत होती की पाय घसरेल. शेवटी पाणी चांगलं नितळ. हौसाक्का म्हणाली, "पिऊ व्हय?" मॅ. धावल्या, "आज्जी, नगं! शेताला चालतंय, प्यायचं न्हाय." त्यावर हौसाक्का, "आमी नदीचं त्याच्यापरीस घाण प्यालोय की गं बाई."

परत येताना गाडीत सगळ्या सिटा रिकाम्या. ड्रायव्हर हसत होता. मॅ. खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्यावर पण वर कोणी ओरडत असेल.

१५ जून, रविवार

माझ्या हातून वाईट झालं.

आज तालमीत बैठक. पुरुष आत, बायका पायरीवर. मॅ. नी विहिरीचं चित्र भिंतीला लावलं. वर बाग दाखवलेली. बापू तालमीचा अध्यक्ष, तुला माहीतच आहे, एकदम सुरू झाला. "सगळ्या पेठंची घाण आमच्या देवाच्या पाठीमागं? आनि वर बाग? मग तुमच्या सायबांस्नीच त्या बागंत ऱ्हायला येऊ द्यात!" सगळे हसले. मॅ. नी समजावलं, झाकलेली असते, हवा गाळून सोडतात, आवाज नसतो. कोणी ऐकेना. पंप बंद पडला तर? वीज गेली तर? ते पण खरंच होतं. मला पण ती काळजी वाटली.

मग बापू म्हणाला, विषय संपला, आता यात्रेचं बोलू. आषाढात टेंबलाईदेवीला नदीचं पाणी घालायला आपली गल्ली कोणत्या वारी जाणार, वाजवायला पी ढबाक कोणाचं सांगायचं, कळश्या कोण घेणार. विषय संपला म्हटल्यावर मी उभा राहिलो. मी कधी सभेत बोललोय? आवाज मोठा निघाला. म्हणालो, "कसलं पाणी घालताय देवीला? जितं कळशी भरता त्याच्या वरच्या अंगाला आपला नाला नदीत पडतोय. गेल्या साली देवीच्या पायरीवर वतलं ते आपल्याच मोरीचं पानी हुतं!"

शालन, बायकांच्यातली एक रडायला लागली. तिनं नातवाच्या नवसाची कळशी नेली होती. बापू म्हणाला, "नाना, खाली बस. न्हायतर घरला जा." मी घरी आलो. चप्पल तिथेच राहिली.

मॅ. माझ्या बाजूनं काही बोलल्या नाहीत. कशा बोलणार.

तू पण किती वर्षं नेलीस कळशी. हे मला उभं राहताना आठवलंच नाही.

१९ जून, गुरुवार

चप्पल आणायला गेलो. तालमीच्या दारात बाजूला ठेवली होती नीट. आत पोरं व्यायाम करत होती.

चहाच्या गाड्यावर बाकड्यावर बसलो तर बाकीचे उठले. एक जण उठता उठता म्हणाला, "चला रं, मोरीनाना आलं." आता हे नाव पडलं. आपल्या गल्लीत नाव पडलं की माणूस मेल्यावर पण राहतं.

हौसाक्काकडे जायचं मनात होतं. दारापर्यंत गेलो. सुनेनं आतून पाहिलं आणि पडदा ओढला.

२७ जून, शुक्रवार

तुझा फोन आला नाही. मी पण केला नाही. तुझ्या कानावर गेलं असेल तर? मंगलच्या नणंदेचं माहेर या बाजूचंच.

पावसानं नाला वर आलाय. वास कमी आहे. खरंच कमी आहे, की नाकच गेलं, कळत नाही. कोणाला विचारू?

४ जुलै, शुक्रवार

आज आपल्या गल्लीचं टेंबलाईला पाणी.

दरवर्षी आदल्या दिवशी घरोघर विचारायला येतात, तुमची कळशी कोण घेणार. काल शेजारच्या दारात आले, मग पलीकडच्या. मधलं दार आपलं. मी आत चहा ठेवला होता, येतील म्हणून जास्त.

सकाळी पी ढबाक वाजायला लागलं. ते वाजलं की आपल्या घरात तुझी पळापळ, कुंकवाचा करंडा कुठं, कळशी घासली का. मी कळशी घासून ठेवली होती. उगीच. दाराच्या फटीतून बघत राहिलो.

पण बायका घाटाकडे गेल्या नाहीत. कोपऱ्यावर टेम्पो उभा होता. सगळ्या कळश्या घेऊन टेम्पोत चढल्या आणि आपला नाला पडतो त्याच्याही वर, चिखलीच्या अंगाला गेल्या, संगमाकडे. मी इतक्या वर्षांत असं बघितलं नाही. बापू मागे मोटरसायकलवर, तोंड पाडून. पी ढबाकवाले पण गोंधळले, गाडीत बसून वाजवायचं का चालत जायचं.

वरून पाणी आणून मग रोजच्या वाटेनं टेंबलाईला चालत गेले. माझ्या दारावरून गेले. मी हात जोडले आतूनच.

६ जुलै, रविवार

हौसाक्का आली. चौकटीतच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"नाना, तुमी बोल्लासा ते खरं हुतं. पन आसं बोलत्यात व्हय? चारचौघांत? देवीचं नाव घिऊन?"

मी म्हटलं, चुकलं.

"चुकलं न्हवं, लई चुकलं. ती रडल्याली बाई अजून जेवत न्हाय धड." मग जरा थांबून म्हणाली, "दर साली काय टेम्पो करून जायाचं व्हय पाण्याला? आमी बायकांनी ठरीवलंय. बापूला सांगितलंय, सही कर, न्हायतर फुडल्या साली कळश्या तूच डोक्यावर घे."

जाताना प्रसादाचा पुडा उंबऱ्यावर ठेवला. हातात दिला नाही.

१३ जुलै, रविवार

बापू आला. तो पण चौकटीतच. माझ्या चौकटीची आता सवय झालीय लोकांना.

"केली बाबा सही. तालमीचा शिक्का मारला. तुझ्यामुळं न्हाय, ध्यानात ठेव."

मी म्हटलं, बरं.

"आनि त्या हिरीचा वास आला ना, नान्या, तर पैलं तुला आत सोडतो."

लहानपणी कुस्तीच्या मातीत मला नान्या म्हणायचा. त्यानंतर आज म्हणाला. चहा घे म्हटलं तर "पुन्यांदा कवातरी" म्हणून गेला.

संध्याकाळी मॅ. चा फोन. खूश होत्या. पाऊस सरला की पाइपांचं खोदकाम सुरू, गल्ली बरेच महिने उकरलेली राहील, नाना, जपून चाला. मग पंपाची विहीर. मग घरोघरची जोडणी. मी विचारलं, वास नक्की कधी जाईल? म्हणाल्या, तारीख देत नाही, पण जाणार हे नक्की. असं ठाम त्या पहिल्यांदा बोलल्या.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. फोन ठेवला आणि घाम आला.

१६ जुलै, बुधवार

तुला सांगायला सोमवारी फोन केला. मंगल म्हणाली, आई पापडाच्या बायकांबरोबर बाजाराला गेलीय, आली की सांगते. कालचा दिवस गेला. आजही दुपार झाली. विसरली असेल. किंवा सांगितलं असेल.

आज दिवसभर नाल्याच्या कठड्याशी उभा होतो. शालन, खरं लिहितो. इतके दिवस कोणी विचारलं, वहिनी कधी येणार, की मी नाल्याकडे हात करायचो आणि लोक समजून घ्यायचे. मी पण समजून घ्यायचो. आता हा नाला स्वच्छ होणार. त्यानंतर लोकांनी विचारलं तर मी कशाकडे हात करू?

तू त्या झाडाखाली हसत होतीस तसं आपल्या घरात शेवटचं कधी हसलीस, ते आठवत बसलो. दमा होता म्हणून नसशील हसली. तसंच असेल. मी सारखी किरकिर करतो, दार लावलं का, गॅस बंद केला का, हे पण असेल. तुला दोन्हीचा त्रास होत असेल तर पाइप फक्त एकाचाच टाकतात.

जावई उद्या डेअरीच्या कामानं कोल्हापुरात येणार आहेत. त्यांच्या हाती वही पाठवतो. यायचं नसलं तरी चालेल, असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. चालणार नाही. पण तू तिथं बरी आहेस हे मी पाहिलंय, म्हणून ये असंही लिहीत नाही.

एवढंच विचारतो. वास गेला तर येणार आहेस ना? फोनवर नको, मला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी मी भलतंच समजेन. एका कागदावर एक ओळ लिही आणि जावयांच्या हाती दे. ते शनिवारी पुन्हा इकडे येणार म्हणाले. शनिवारपर्यंत कळव.