ढोलीपाशी विचारलेला प्रश्न

अब्बा, घरात आपण हिंदी बोलायचो. पण माझी शाळा मराठी, तुमची गिऱ्हाइकंही मराठीच बोलणारी, म्हणून मराठीतच लिहिते.

कापसाची ती सलग वाईट वर्षं होती. अकोल्यातल्या आपल्या दुकानात सणाचे कपडेसुद्धा कुणी शिवायला टाकत नव्हतं. तेव्हा तुम्ही मेळघाटातल्या एका आश्रमशाळेच्या गणवेशांचं काम घेतलंत आणि मापं घ्यायला जाताना मलाही सोबत नेलंत. शाळेच्या आवारात बेहड्याचं जुनं झाड आहे. लांब चोचीचा एक राखाडी पक्षी खोडाला बिलगून बसलाय. गळ्यातून उंबराचं फळ वर आणतो, चोचीच्या टोकावर धरतो आणि ढोलीच्या बारीक चिरेतून आत देतो. आतून दुसऱ्या चोचीचं फक्त टोक दिसतं. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "धनेश आहे. अंडी घालायला मादीनं स्वतःला आत लिंपून घेतलंय. पिल्लं जरा मोठी होईतोवर यानंच आणून भरवायचं."

मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून तुम्ही बघत राहिलात. "आन हा नाई आला तर?"

"लिंपण फोडून निघते ती. पण आत असताना तिची पिसं झडतात. निघाली तरी लगेच उडता येत नाही."

"मंग तिनं करावं काय?"

बाई पोरांना मापासाठी रांगेत उभं करायला वळल्या. घरी येताच अम्मीला म्हणालात, "कल से दुकान में बैठना."

अम्मी तोवर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही एकटी गेली नव्हती. "लोग क्या बोलेंगे?"

"मैं हूं तब तक बोल लेंगे."

तुम्ही तिला कापड बेतायला शिकवलंत, ठोक व्यापाऱ्यांकडे नेऊन ओळखी करून दिल्यात. कॉलर चुकली की सगळी उसवायला लावायचात. ती रडायची, तुम्ही थांबायचा नाहीत. मला तुमचा फार राग यायचा.

पुढच्या थंडीत दुकानातच तुमच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही तुम्ही पोचला नाहीत. इद्दतीचे, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरातच काढायचे, महिने अम्मी घरात बसून शिवत राहिली, कपडे मी पोचवले. इद्दत संपली त्या सकाळी तिनं स्वतःच्या हातानं दुकानाचं शटर वर केलं. माझं कॉलेज त्याच दुकानावर झालं. आता ती थकलीय, तरी कातर दुसऱ्याच्या हाती देत नाही.

तुमचं दुखणं तुम्हाला आधीपासून माहीत होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. अम्मीला असावं. आम्ही दोघी रोज शेजारी बसून जेवतो. मी विचारत नाही. ती हो म्हणेल, याची मला भीती वाटते.