या एकदा टाकळीला

तीर्थरूप बाबूकाका यांच्या चरणी इंद्रजितचा साष्टांग नमस्कार. (इंग्लंडात, हडर्सफील्डमधली माझी खोली फार लहान असल्यामुळे साष्टांग घालताना गुडघे मुडपावे लागले, तेवढं चालवून घ्यावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळताय की नुसतं बाटलीकडे बघताय? काकूचं पित्त शांत असेल अशी आशा करतो, कारण हे पत्र तुम्ही तिला वाचून दाखवाल तेव्हा ते खवळण्याचा संभव आहे. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही दुकानात फोन स्पीकरवर टाकता आणि मोटर दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकं मला सल्ले देतात. माझ्या प्रबंधाचा विषय, म्हणजे विहिरींचं पाणी, अशाच एका गिऱ्हाइकाने सुचवलेला आहे, हे इथे कोणाला माहीत नाही.

तर माझं इथलं वर्ष संपत आलं. प्रबंध सरांकडे तपासायला दिला, कुकर पुढच्या वर्षीच्या पोरांना दिला, आणि आता निरोप घेत हिंडणं एवढंच काम उरलंय. निघायच्या आधी माणूस का हळवा होतो कळत नाही. वर्षभर ज्यांनी मला थंडीत बाहेर उभं केलं त्या दारांबद्दलही मला प्रेम वाटायला लागलं, आणि या हळवेपणात, काका, मी जो भेटेल त्याला म्हणत सुटलो की या एकदा आमच्याकडे टाकळीला.

यात माझं काय चुकलं सांगा. आपल्या घरचं वळणच आहे ते. तुम्ही विमा एजंटला म्हणता, बांधावरून कोर्टात खेचणाऱ्या शिंद्यालाही तारखेनंतर म्हणता, 'या एकदा घरी.' शिंदे आला का कधी? आला असता तर तुम्ही चहा दिला असता की काठी काढली असती, हे त्यालाही ठाऊक आहे. आपल्याकडे 'या एकदा' म्हणजे बोलणं संपलं, आता पायात चपला घाला. मला वाटलं इथेही तसंच असेल. कारण शेजारचा क्लिफर्ड (बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त होऊन कुंपणावरून लक्ष ठेवतो) मला आल्या आल्या म्हणाला होता की चहाला ये एकदा. मी भोळा! रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, काकूने दिलेला चिवड्याचा डबा घेऊन गेलो. तो दारात उभा राहिला, मी पायरीवर उभा राहिलो, आणि आम्ही पाऊस या विषयावर भरपूर बोललो. मग 'बरं वाटलं हो भेटून' म्हणून त्याने दार लावलं. डबा आत गेला, मी बाहेर राहिलो.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ही माणसं 'ये एकदा' म्हणून गप्प बसतात. आपण बसत नाही. मी तर हात हातात धरून सांगितलं की महिनाभर राहा, जेवल्याशिवाय सोडणार नाही, घर तुमचंच आहे. काका, घर तुमचंच आहे असं इथे माणूस फक्त मृत्युपत्रात म्हणतो. त्यामुळे सगळ्यांनी ते खरं धरलं.

पहिले आमचे सर, डॉ. प्रॉक्टर. त्यांना म्हटलं, या कधीही. ते लगेच म्हणाले, "एप्रिल चालेल? ईस्टरची सुटी असते." मी मान हलवली. (सरांपुढे माझी मान आपोआप हलते.) दोन दिवसांनी भेटले तर तिकीट काढून मोकळे! इथली माणसं एप्रिलमध्ये काय करायचं ते सप्टेंबरात ठरवतात. आपल्याकडे एप्रिलमधलं लग्नसुद्धा एप्रिलमध्येच ठरतं. आणि त्यांना बघायची आहे आपली मळ्यातली विहीर. प्रबंधात मी तिला बारमाही म्हटलंय. ते खोटं नाही, विहीर बाराही महिने तिथेच असते, पाण्याचं मी बोललो नव्हतो. पण मार्क अजून त्यांच्या हातात आहेत.

दुसरा क्लिफर्ड. त्याला मी बोलावलंच नव्हतं. त्याने कुंपणावरून विचारलं, "काय रे, सगळ्या गावाला आवतण दिलंस म्हणे. मी काय घोडं मारलंय? की तो चिवडा उगाचच दिला होतास?" आता अशा माणसाला काय सांगणार! तर तोही येतोय. त्याची पाठ दुखते, त्याला कडक बिछाना लागतो. ती एक सोय आपल्याकडे भरपूर आहे.

आणि तिसरी आमची घरमालकीण, डोरीन हॅटर्सली. सत्तरी उलटलेली, एकटी, जिभेला धार. वर्षभर मला गरम पाण्यावरून बोलली, "बाळा, अंघोळ करतोस की म्हैस धुतोस?" तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, हिरव्या कचरापेटीचा वार आणि काळ्या कचरापेटीचा वार यांच्या मधल्या जागेत 'टाकळी' लिहिलंय. टोचून घ्यायच्या त्या सगळ्या सुया टोचून आली. हाताने जेवायचा सराव म्हणून उकडलेले मटार एकेक करून उचलते आणि मला विचारते, "आता बरं जमतंय ना?" काकूसाठी सुगंधी मेणबत्ती आणू का, असंही विचारत होती. मी म्हटलं आणा, आमच्याकडे लाइट जाते.

आता मुद्द्याचं. आपण सहा माणसं, मधल्या खोलीत तुमच्या पाणबुडी मोटरी, न्हाणीघर अंगणापलीकडे, आणि वर एप्रिलचं ऊन. डोरीनला मी घर मोठं आहे असं सांगितलंय, पण ते मी रस्त्यावरून दिसतं तेवढ्यापुरतं बोललो होतो. तेव्हा कृपा करून तुम्ही एक इंग्रजी पत्र धाडा, मोटर कंपनीला झापताना लिहिता तसं कडक, की एप्रिलमध्ये घराचं काम काढलंय, पाहुण्यांची सोय होणार नाही. (काकूला कांजिण्या झाल्यात असं लिहू नका. या तिघांनाही लहानपणी होऊन गेल्या आहेत, मी विचारून घेतलंय.) तुमच्या पत्रामुळे माझी अब्रूही वाचेल आणि मार्कही.

घरातल्या थोरांना नमस्कार, पोरांना एकेक टपली.

तुमचा,
इंद्रजित

ता. क. – घराच्या कामाचं कारण नको. मी सहज डोरीनच्या कानावर घालून बघितलं. ती म्हणाली, "मग बरंच झालं की! आमचे हे गेल्यापासून सगळं घर मीच रंगवते. ब्रश घेऊन येते." क्लिफर्ड गिलावा करतो म्हणे. दुसरं काहीतरी सुचवा.

ता. क. दुसरा – पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात डोरीनने चहाला हाक मारली, म्हणून हे. काका, तिचा एक मुलगा आहे, ब्रिस्टलला असतो. आज कप विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "तो दर ख्रिसमसला फोनवर म्हणतो, आई, ये एकदा. मी विचारते, कधी? तो म्हणतो, बघू. तुला विचारलं तर तू म्हणालास, कधीही." मी ते कधीही का म्हणालो होतो, तुम्हाला माहीत आहे. त्याला काही खर्च येत नाही म्हणून. मला फार लाज वाटली. तुम्ही ते पत्र लिहू नका. काकूला सांगा, मधली खोली मी आल्या आल्या रिकामी करतो, मोटरी माझ्या उशाशी ठेवा.

ता. क. तिसरा – सरांना जाऊन विहिरीचं खरं सांगून आलो. ते चष्मा पुसत म्हणाले, "तिथे एवढं पाणी असतं तर तू ते शिकायला इथवर कशाला आला असतास?" तरी येणार आहेत. मार्कांचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

ता. क. शेवटचा – डोरीनने बॅग आणली आहे, पण उघडून ठेवलीय, भरत नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "तुझं ठीक आहे रे बाळा. पण घर तुझ्या काकांचं. त्यांनी कुठे बोलावलंय मला?" तिचं म्हणणं रास्त आहे. खाली तिचा नंबर लिहिला आहे. रविवारी जेवण झाल्यावर फोन करा, इंग्रजी कसंही बोललात तरी चालेल. 'या' एवढंच म्हणा. मग ती विचारेल, कधी? तेव्हा काका, तुमच्या पाया पडतो, तिला तारीख सांगा.