भाऊबीजेला फाटक बंद

॥ श्री ॥

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
५ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कांना,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. काल आप्पासाहेब दाजींनी उचलला आणि तुमचा निरोप सांगितला, की सोमनाथ स्वतःच्या हातानं फाटक उघडेपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलणार नाही. बोलणार नाही म्हणालात, वाचणार नाही असं म्हणाला नाहीत, म्हणून हे पत्र. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाई आलेलं पत्र न वाचता ठेवणार नाहीत, एवढी मी तुम्हाला ओळखते.

झालं ते पुन्हा लिहिते, कारण फाटकाशी तुम्ही माझं ऐकून घेतलं नाहीत. ह्यांच्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली आणि सप्टेंबरपासून केमो सुरू झाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. प्रत्येक केमोनंतर काही दिवस अंगातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत साधी सर्दीसुद्धा माणसाला आयसीयूत नेते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाऊबीज नेमकी त्यातच आली. म्हणून कोणी येऊ नका, असं मी दिवाळीआधीच फोनवर सांगितलं होतं. माझा शिवणाचा क्लासही त्यासाठीच बंद ठेवलाय.

आणि तुम्ही जीप भरून आलात. शहाळी, करंज्यांचा डबा, ओवाळणीचं ताट, तुमची पुतणी सोनिया, तिची दोन्ही पोरं, शिवाय ज्यांची नावं मला अजून येत नाहीत असे गल्लीतले चारजण. सोनियाच्या धाकट्याचं नाक वाहत होतं. मी कुलूप काढलं नाही. तुम्ही ताट तसंच जीपमध्ये ठेवलंत आणि पाण्याचा घोटही न घेता गेलात. हे खिडकीत उभे होते. तुमची जीप वळेपर्यंत मी फाटकाशीच उभी होते, पण आक्का, उद्या पुन्हा आलात तरी मी तेच करीन.

राग हवा तितके दिवस धरा, फक्त लोभात कमी करू नका.

तुमची,
मंजुषा


॥ श्री ॥

गंगापूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मंजुषा हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ते आमच्या ह्यांनी फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. कानात बोटं घालून बसणं माझ्या वयाला शोभत नाही, म्हणून ऐकलं.

कोणी येऊ नका हा तुझा निरोप मला मिळाला होता. मी तो गल्लीत सगळ्यांना सांगितलासुद्धा. पण सख्ख्या बहिणीलाही त्या सगळ्यांत धरतात, हे मला आजवर माहीत नव्हतं. आई गेली तेव्हा सोमनाथ पाच वर्षांचा होता. त्याला मी न्हाऊमाखू घातलं, त्याच्या उवा काढल्या, त्याला बाराखडी शिकवली. आणि तू मला त्याच्या दारात कुलूप दाखवलंस, तेही चार लोकांसमोर. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर माया आटली म्हणतात. मी निघाले म्हटल्यावर जो तो जीपमध्ये चढला, मी कुणाकुणाला उतरवू?

त्या दिवशी संध्याकाळी सोनिया मला म्हणाली, की काकू, ताट तसंच ठेवू नये, चंद्राला ओवाळून टाक. मी तिला चांगलीच झाडली. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे. ताट मी झाकून ठेवलंय आणि यंदाची भाऊबीज झाली असं मी मानत नाही. तो माझ्यासमोर पाटावर बसेल तेव्हाच ती होईल.

बाकी इथं सगळे आजारी. सोनियाच्या धाकट्याला सकाळपासूनच कणकण होती, परत आल्यावर तो फणफणला. मग सोनिया पडली, मग जीपवाला, मग मी. खोकून खोकून बरगड्या दुखतायत. हवाच खराब आहे.

सोमनाथ काय खातो ते कळव. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून दे, लहानपणापासून त्याच्या आवडीच्या आहेत. तुझ्याबद्दल मी काही विचारत नाही.

आशीर्वाद आहेतच, ते कोणत्याही रागात अडकत नाहीत.

वच्छला


॥ श्री ॥

पुंडलिकनगर
३० नोव्हेंबर २०२४

ती. आक्कांना,
शि. सा. न.

तुमचा खोकला कसा आहे? कोमट पाणी पीत जा.

लिहायला उशीर झाला, कारण मधले दिवस वाईट गेले. आता सगळं ठीक आहे हे आधी वाचा, मग पुढचं. गेल्या केमोनंतर ह्यांना ताप आला. घरात कोणी आलेलं नव्हतं, पाणी उकळून देत होते, तरी आला. नेमकं त्या दिवशी आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं. मी अंगणात पाइप लावला होता. यांचा चेहरा लाल दिसला म्हणून तापमान पाहिलं आणि पाइप तसाच वाहता सोडून रिक्षा बोलावली. ताप आला की तासाभरात दवाखाना गाठायचा, असं ठरलेलं होतं. तो गाठला म्हणून वाचलो, असं डॉक्टर म्हणाले. शेजारणीनं मागून पाइप बंद केला आणि आमची टाकीही भरून ठेवली.

घरी आल्यावर मात्र हे खचले. तोंडभर फोड, कशाचीही चव लोखंडासारखी. दोन दिवस यांनी कण्यांनाही हात लावला नाही. मला म्हणाले, बास झालं मंजू, पुढची केमो नको. मला गंगापूरला नेऊन सोड, आक्काच्या ओट्यावर पडून राहतो, काय व्हायचं ते होईल. आक्का, मी कॅन्सरला घाबरले नव्हते तेवढी त्या वाक्याला घाबरले.  मग मी सांगितलं, की आक्का तुम्हाला ओट्यावर असं निजू देणार नाहीत, त्या ताट झाकून बसल्यात, आधी पाटावर ताठ बसून ओवाळून घ्यावं लागेल. यांना हसू आलं. फोडांमुळं हसतानाही दुखत होतं, तरी हसले. मग कण्यांची वाटी मागितली. ती संपवायला तास लागला, पण संपवली. मला यांचा फार अभिमान वाटला.

परवा पुढची केमो झाली. तुमच्या हट्टानं घडलेलं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

माया आहे तिथंच राहू द्या, एवढं मागणं.

तुमची,
मंजुषा


॥ श्री ॥

गंगापूर
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. मंजुषा हिस,
अनेक आशीर्वाद.

या वेळी पत्र मीच फोडलं. दोनदा वाचलं. नंतर देवघरात जाऊन बसले, तर हे जेवायला बोलवायला आले आणि माझं तोंड पाहून परत गेले.

कोणी न येता सोमनाथवर ही वेळ आली. आमची जीपभर माणसं तापानं पडली हे मीच तुला लिहिलं होतं आणि हवेला दोष दिला होता. तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस, उलट कोमट पाणी प्यायला सांगितलंस. तू सुनावलं असतंस तर मी भांडले असते. तू गप्प बसलीस, म्हणून मला झोप नाही. त्या दिवशी तू कुलूप काढलं असतंस तर मी माझ्याच हातानं कुंकवाबरोबर त्याला काय लावून आले असते, या विचारानं अंगावर काटा येतो.

तुला पाहायला मीच आले होते, आठवतं का? सगळ्या मुली मान खाली घालून बसायच्या, आणि तू मलाच विचारलंस की मुलगा तंबाखू खातो का. तुझा तो ताठपणा तेव्हा मला खटकला होता. तरी मी होकार दिला, हे माझं शहाणपण म्हणायचं.

इथून तुमच्याकडे आता कोणी येणार नाही. दोघं निघाले होते, त्यांना मी स्टँडवरूनच परत फिरवलं. सोनियाच्या नवऱ्याबरोबर गावरान तूप आणि ज्वारी पाठवतेय. तो फाटकाबाहेर ठेवून निघून जाईल, त्याला चहाचा आग्रह करू नकोस. बोलायचं मात्र सोमनाथनं फाटक उघडल्यावरच. शब्द दिला तो दिला.

तूही दोन घास जेवत जा. तुझी काळजी वाटते, हे मी लिहिलंय, बोलले नाहीय.

वच्छला


॥ श्री ॥

पुंडलिकनगर
१८ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सोमनाथचा सा. न.

माझं अक्षर पाहून लाल शाई काढू नकोस. औषधांनी बोटांची टोकं बधिर झालीत, ती हळूहळू सुधारतील. काल स्कॅनचा रिपोर्ट आला. रोग कुठंही दिसत नाही. डॉक्टर म्हणाले की तपासण्या चालू राहतील, पण आता माणसांत मिसळायला हरकत नाही.

मंजूनं तुला सगळं लिहिलं, स्वतःचं लिहिलं नसेल. डोक्यावरचे केस गळायला लागले तेव्हा तिनंच कात्री आणि मशिन घेऊन माझं डोकं केलं. टक्कल पाहून दूधवाल्यानं फाटकातूनच विचारलं, की साहेब, घरात कोण वारलं. माझ्याआधी हीच म्हणाली, की अजून कुणी नाही आणि वारणारही नाही, दूध उद्या लवकर आण. औषधांच्या वेळा तिला पाठ, कोणत्या इंजेक्शननंतर मी कशावर चिडतो हेही पाठ. मी ताट ढकललं की ती रागवायची नाही, तासाभरानं तेच नव्या वाटीत आणायची.

ती रडली एकदाच. भाऊबीजेला तू गेल्यावर स्वयंपाकघरात गेली आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला. पण त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. मी सगळं ऐकलं आणि काही न ऐकल्यासारखा बसून राहिलो. तुला उघडावं असं तिलाही फार वाटत होतं, आक्का.

रविवारी ये. एकटी ये. फाटक मी उघडीन.

आहे तसाच लाड चालू ठेव.

तुझा,
सोमनाथ


॥ श्री ॥

गंगापूर
६ जून २०२५

चि. सौ. मंजुषा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आता रोज फोनवर बोलतो, तरी हे लिहून पाठवतेय, कारण बोलायला लागले की तू मध्येच जेवलात का म्हणून विचारतेस.

फेब्रुवारीत भाऊबीज करून आले म्हणून गल्ली अजून हसते. हसू दे. सोमनाथला ओवाळल्यावर मी तुलाही पाटावर बसवलं, तेव्हा तू अवघडून गेलीस. भावजयीला ओवाळायची आमच्याकडे रीत नाही हे मला ठाऊक होतं. पण नुसतं त्यालाच ओवाळून उठणं मला जमेना.

आज लिहायचं कारण वेगळं. आमच्या पलीकडच्या घरातल्या काकासाहेबांनाही कॅन्सर निघाला. तुमच्याच दवाखान्यात केमो सुरू झाली. त्यांची बायको चंपाबाई गरीब स्वभावाची, कुणाला नाही म्हणायचं तिच्या जिवावर येतं. मंगळवारी पाहते तर दारात चपलांचा ढीग, आणि ती बिचारी आत वीस माणसांचा चहा करतेय. मी घरातून खुर्ची आणली आणि त्यांच्या दाराशी मांडली. सकाळ-संध्याकाळ तिथंच बसते. आलेल्याची शहाळी ठेवून घेते, आणि माणसाला परत पाठवते.

काल काकासाहेबांची थोरली बहीण वेरूळहून आली, सोबत चारपाच जण. मी दार सोडीना. तिनं रस्त्यावर आवाज चढवला, की मी सख्खी बहीण हाय, मला अडवणारी तू कोण. सगळी गल्ली गोळा झाली. मग मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की मीबी सख्खी बहीण हाय. मला माझ्या भावजयीनं ऐन भाऊबीजेला, जीपभर माणसांसमोर, फाटकाबाहेर उभं केलं. म्हणून आज मला भाऊ आहे.

बाई थोड्या वेळानं खुर्चीशेजारी पायरीवर बसली आणि मला विचारायला लागली, की तुमची भावजय कोणत्या घरची. मंजू, मी तासभर सांगत होते.

दोघांनी सुखात राहा, आणि या म्हातारीला अशीच धाकात ठेव.

तुझी,
आक्का