संत्र्याच्या सालीचा डबा

चंदा,

तू डेअरीवर गेली तवा कातर हुडकायले कोठीत गेलो, त तांदळाच्या पिपात संत्र्याच्या सालीच्या भुकटीचा डबा सापडला. संगं पेपरचं कात्रण. सालीतल्या कशानं तरी कॅन्सरच्या पेशी मरतात, तिथं तू रेघ ओढली. शेवटची ओळ वाचली नाही काय? हे काचेच्या भांड्यात करून पाह्यलं, माणसावर अजून नाही.

अन् साली कोणत्या? म्या विहिरीजवळ फवारणी केली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू तिथूनच टोपलंभर संत्रे आणले. मले वाटलं रसाले आणले. फवारल्यावर पंधरा दिवस आपण व्यापाऱ्यालेही तोडू देत नाही!

झाडाच्या खोडातून डिंक गळताना दिसला त तू मले ताटावरून उठवते, रोग पसरन, आजच खरडा म्हणते. मंग सोताची गाठ काहून लपवून राह्यली? काखेजवळ हात लागला की दचकते, ते मले आज समजलं.

भुकटी चिमूटभर जिभेवर ठेवून पाह्यली. इतकं कडू रोज खाऊन तू मलेच इचारे, चहात साखर बराबर हाय ना.

डबा उकिरड्यात फेकला. अमरावतीले डॉक्टरचा नंबर लावायले चाललो. उद्या दोघं जाऊ. आपल्या पोरीले, गीतांजलीले, आत्ताच फोन करू नको. मले लय भेव लागून राह्यलं, तोंडानं बोलणं होत नाही, म्हणून लिहिलं.

जेवून घेजो. उद्या डॉक्टरले केव्हापासून हाय ते खरं सांगजो. माह्यासमोर जमत नसन, त मी बाहेर बसीन.

विलास