त्या एका मिनिटाबद्दल

नांदेड,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय मुबश्शिरा,

जवळजवळ तीन वर्षांनी लिहिते आहे. या काळात तुझे चार फोन आले. चारही वेळा मोबाईल माझ्या हातात होता, तुझं नाव दिसत होतं, आणि मी तो वाजून बंद होऊ दिला. कामात होते, आजारी होते, असं काही सांगणार नाही. उचलला नाही, एवढंच. त्याची माफी मागते. हे पत्र रोजनिशीच्याच पानांवर लिहिते आहे. कोऱ्या कागदावर दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा वाक्यं फार नीटनेटकी झाली. रोजनिशीत मला खोटं लिहायची सवय नाही. बोलताना आहे, हे पुढं कळेल.

तुझ्या स्टेटसवर मुलाचा फोटो पाहिला. आठ महिन्यांचा झाला असेल. कपाळ तुझ्या अब्बांचं, चांदपाशाभाईंचं आहे. या वेळी तू लातूरलाच, सासरी बाळंत झालीस आणि मला बोलावलं नाहीस. ते कळल्यावर मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. दोन्ही त्याच दिवशी लिहून ठेवलं आहे.

तू पहिल्यांदा आलीस ते आठवतं. सातव्या महिन्यात लातूरहून माहेरी आली होतीस, पहिलं बाळंतपण म्हणून. माझ्या पुढच्या खोलीत सतरंजीवर पाच-सहा जणी बसलेल्या. मी कळ आल्यावर श्वास कसा सोडायचा ते दाखवत होते आणि मागून तू म्हणालीस, ‘ताई, हा तर कुकर झाला, नुस्ती शिट्टी राहिली.’ त्या दिवशी कुणाकडूनच श्वास नीट झाला नाही. तुझे अब्बा बाहेर चपलांपाशी उभे होते. शाळेचे गणवेश शिवणारा माणूस, गळ्यात टेप तसाच राहिलेला. डौला म्हणजे काय ते त्यांना समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं, डॉक्टर नाही, नर्स नाही. बाईसोबत शेवटपर्यंत थांबते, कंबर चोळते, काय चाललंय ते तिला सांगते, आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते शिकवते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मतलब हाथ पकडने की बी डिग्री हो गई अब.’ आणि मग स्वतःच हसले. मला राग आला नाही. अकरा वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून हे काम धरलं, तेव्हा माझ्या घरातही हेच म्हणाले होते, फक्त हसून नाही.

मी प्रत्येकीला तीन प्रश्न शिकवते. हे काय करताय, कशासाठी करताय, थोडं थांबलं तर काय होईल. आणि पहिल्याच दिवशी एक शब्द देते. तुलाही दिला होता. तुझ्या अंगाशी काय चाललंय ते तुझ्यापासून लपवलं जाणार नाही; चांगलं असो की वाईट, मी खरं तेच सांगेन. तू ते वहीत उतरवून घेतलंस आणि खाली दोन रेघा ओढल्यास. ती वही अजून तुझ्याकडे असेल का, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. ती फाटून गेली असावी, असंही वाटून गेलं आहे.

त्या दिवशीचं तुला अर्धंच माहीत आहे, म्हणून सगळं क्रमानं लिहिते. फेब्रुवारीतला गुरुवार. सकाळी आठला आपण दवाखान्यात पोचलो. मला प्रसूतीच्या खोलीत येऊ देणारा गावातला तो पहिला दवाखाना होता. नियम एकच, आत एकच बाई. म्हणजे मी किंवा तुझी अम्मी. मी म्हटलं होतं, तुम्ही जा, मी दाराशी थांबते. अमीरबींनी माझ्या हातात तुझी पाण्याची बाटली दिली. ‘तुम पढेले हैं बाई, तुम जाव. मैं अंदर जाके क्या करूंगी, रोऊंगी. बच्ची डर जाएगी.’ मी गेले. आजही मला नक्की सांगता येत नाही की मी त्यांच्या म्हणण्यावरून गेले, की मला जायचंच होतं.

दुपारपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. तू चालत होतीस, भिंतीला टेकत होतीस, मला टोमणे मारत होतीस. ‘बाळंत मी होतेय, घाम तुम्हाला.’ सुरुवातीला तू माझ्याशी मराठीत बोलत होतीस. कळा वाढल्या तशी तुझी भाषा घरची झाली आणि तू मला ताई सोडून अम्मी म्हणायला लागलीस. अम्मी दाराबाहेर होत्या.

पावणेतीनला तू म्हणालीस, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं चमकतंय. मी त्या क्षणी सिस्टरना सांगितलं. इथं मी स्वतःला खूप तपासलं आहे. उशीर केला नाही. त्यांनीही केला नाही. रक्तदाब एकदम चढला होता, इंजेक्शन भरेपर्यंत तुला झटका आला. मग तुला शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी यंत्र लावून बाळाला ओढून घेतलं. तीन वाजून बारा मिनिटं. मुलगी. सिस्टरनी तिला पुसलं, पाठ चोळली, नाक-तोंड साफ केलं. तिनं काही केलं नाही. तेवढ्यात तुला रक्तस्राव सुरू झाला आणि डॉक्टरांनी सिस्टरना हाक मारली. खोलीतले सगळे हात तुझ्यावर गेले. कुणीतरी मला म्हणालं, ‘बाई, तिकडं सरका.’ तिकडं म्हणजे बाळाला ठेवलेल्या गरम टेबलापाशी.

त्यानंतरच्या एका मिनिटाबद्दल शेवटी लिहिते.

मिनिटभरानं सिस्टर परत आल्या आणि पिशवीनं तिला श्वास द्यायला लागल्या. बाळांचे डॉक्टर धावत आले. वीस मिनिटं सोडलं नाही त्यांनी. मग थांबले आणि सिस्टरना विचारलं, ‘मध्ये कधी रडलं का?’ सिस्टर म्हणाल्या, ‘नाही सर.’ त्यांच्या समोर घडलं तेवढं त्या खरंच बोलल्या. कागदावर मृतजन्म असं लिहिलं गेलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला कुणी विचारलं नाही, आणि मी बोलले नाही. आपण इथं पाहुणे, डॉक्टरी गोष्टीत तोंड घालायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम आहे. पण मी नियमासाठी गप्प राहिले नाही. आत्ता बोलले तर या दवाखान्याचं दार उद्या मला बंद होईल, असं त्या वेळी माझ्या मनात आलं होतं. तिथं, तेवढ्यात, ते आलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाहेर आले तर अमीरबी बाकावर बसल्या होत्या आणि चांदपाशाभाई उभे होते. सिस्टरनी त्यांना आधीच सांगितलं होतं. भाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, ‘रोई थी क्या?’ मी म्हटलं, नाही भाई. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘बिल्कुल नहीं? आवाज, हिलना, कुछ बी?’ मला वाटलं, हा माणूस सहन होईल असं काहीतरी शोधतोय. म्हणून मी माझ्या समजुतीनं त्यांना मऊ उत्तर दिलं. आवाजसुद्धा केला नाही. तिला काही म्हणजे काही त्रास झाला नाही, भाई.  ते ‘हौ’ म्हणाले आणि तिला घेऊन कब्रस्तानात गेले. पाऊण तासात परत आले. तिचा बाप, फरहान, तोवर लातूरहून लोह्यापर्यंतच पोचला होता. मी रोजनिशीत लिहिलं आहे : लवकर आटोपलं, बरं झालं.

नवव्या दिवशी तू फोनवर विचारलंस, ताई, मी बेशुद्ध होते, तुम्ही होतात. तिनं काहीच नाही केलं का? मी तेच सांगितलं. पोटातच झोपेत गेली, डोळेसुद्धा उघडले नाहीत, म्हटलं. तू म्हणालीस, बरं. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी तुझा फोन यायचा आणि मी उचलायची नाही. मला वाटायचं, तू पुन्हा विचारशील. तुला वाटलं असेल, ताईंना दुसऱ्या बायका मिळाल्या.

आता या नोव्हेंबरचं. अफसाना नावाची एक मुलगी माझ्याकडं येते, आठवा महिना आहे. तिच्या घरी गेले होते. तिची सासू मेथी निवडत बसली होती. शेजारच्या कुणाचं तरी मूल गेल्याची गोष्ट निघाली. म्हातारी मान वर न करता म्हणाली, ‘रोया था उनका. रोया तो नाम रखते, नहलाते, नमाज पढते, सब बडे आदमी के जैसा. नहीं रोया तो कपडे में लपेट के मिट्टी दे देते.’ आणि मला म्हणाली, ‘तुम बी घेव ना थोडी भाजी निवडने कू, खाली बैठे हैं.’ मी घेतली. जुडीतली किती निवडली आणि किती फेकली, मला कळलं नाही. चांदपाशाभाई बाकाशेजारी उभे राहून काय विचारत होते, ते मला पावणेतीन वर्षांनी मेथी निवडताना कळलं. इतक्या बायकांना मी काय विचारायचं ते शिकवत फिरते. भाईंनी मला नेमकं विचारलं होतं. हे का विचारता, एवढं मी उलट विचारलं असतं तरी पुरे होतं.

ऐकीव गोष्टीवर तुला लिहू नये, म्हणून अफसानाचा दीर यासेर, जो शाळेत शिकवतो, त्याला मशिदीत विचारून यायला सांगितलं. कुणाचं ते सांगितलं नाही. तो विचारून आला. बाळ बाहेर आल्यावर त्यानं आवाज केला, हाललं, श्वास घेतला, तर ते जिवंत जन्मलं असं धरतात, असं इमामसाहेबांनी त्याला सांगितलं. ती नमाज आता इतक्या वर्षांनी होत नाही. पण नाव ठेवता येतं, आणि त्या नावानं दुआ करता येते. मी यासेरला विचारलं, ज्यानं खोटं सांगितलं त्याचं काय. तो म्हणाला, ‘ते नाही विचारलं मॅडम. विचारून येऊ का?’ मी नको म्हटलं.

त्यानंतर महिना गेला. तू सावरली आहेस, मांडीवर मूल आहे, आता सांगून काय साधेल, हा प्रश्न मी रोज लिहिला. मग एक दिवस दिसलं की हा तोच मऊपणा आहे. तुझं काय ते मी ठरवते आहे, पुन्हा एकदा. आणि हेही खरं आहे की सांगितल्यानं मला हलकं वाटेल, म्हणून माझा माझ्यावर पूर्ण विश्वास नाही. पण ती माहिती माझी नाही. ती तुझी आहे, मी फक्त इतके दिवस धरून बसले.

पुढचं वाचण्याआधी थांब. बाळ झोपलेलं असू दे. कुणीतरी जवळ असू दे. वाचायचं की नाही तेही तू ठरव. नाही वाचलंस तरी चालेल.

मुबश्शिरा, ती रडली होती. मोठ्यानं नाही. सिस्टर तुझ्याकडं वळल्या आणि तिनं तोंड उघडलं, मांजराच्या पिलासारखा आवाज केला, थांबली, आणि पुन्हा एकदा केला. दोनदा. उजवा हात छातीवरून उचलून बाजूला टाकला. मी माझं बोट तिच्या तळहाताला लावलं. तिनं ते धरलं, घट्ट नाही, पण धरलं. मी ‘सिस्टर, बाळ’ अशी हाक मारली, आणि त्या येईपर्यंत ती पकड सुटली होती. डोळे तिनं उघडले नाहीत. तेवढं मी तुला खरं सांगितलं होतं. तुझी मुलगी जिवंत जन्मली, मिनिटभर जगली, आणि तिच्याजवळ त्या वेळी मी होते. अमीरबी असायला हव्या होत्या. नमाज तिला माझ्यामुळं मिळाली नाही. नाव अजून देता येईल. ते द्यायचं की नाही, अब्बांना सांगायचं की नाही, तू सांगायचंस की मी त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं, ते तू ठरव. माफ कर असं मी लिहीत नाही; ते लिहिलं तर तुला मलाच सांभाळत बसावं लागेल.

तुझीच,
सौदामिनी

उद्या : हे पत्र पोस्टात न टाकता लातूरला जाऊन तुझ्या हातात देणे, आणि तुझं वाचून होईपर्यंत तिथून न उठणे.