मागे बसणारीचं डोकं

१२ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझी प्रकृती ठणठणीत असेलच, ती नेहमीच असते. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत.

तुझी चिठ्ठी मिळाली. घराचा उकिरडा झालाय, डबा बाहेरून आणावा लागतो, शेजारी विचारतात, म्हणून वहिनीला पाठवून दे. ती कशी आहे, हे विचारायला कागद पुरला नाही वाटतं.

मीच सांगते. उजव्या हाताला अजून जोर नाही. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे जिने शिवले, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. शब्द निसटतात. चमचा हवा असला की कंगवा म्हणते, मग स्वतःच हसते. मला हसू येत नाही.

गाडी वाळूवरून घसरली त्या दिवशी ती आत बेशुद्ध होती आणि तू इस्पितळाच्या बाकावर बसून येईल त्याला आपलं हेल्मेट दाखवत होतास. "बघा, हे होतं म्हणून वाचलो." मामांनी विचारलं, "आणि सूनबाईंचं कुठंय?" तर म्हणालास, "तिलाच नको असतं. केस विस्कटतात म्हणते." डॉक्टरांना तर वर हेही ऐकवलंस, की ती नीट धरून बसत नाही. धन्य तुझी. जसं काही रस्ता आधी विचारतो, चालवणारा कोण आणि मागे बसलेली कोण.

परवा मी तिला विचारलं, "वहिनी, ते केसांचं खरं का?"

बराच वेळ ती शब्द गोळा करत राहिली. मग म्हणाली, "दुकानात... मागितलं मी. हे म्हणाले... तू कुठे चालवतेस?"

एवढंच. तक्रारीचा सूरही नव्हता. तिच्या जागी मी असते तर गल्ली गोळा केली असती.

व्यायामाला मी तिला माझ्या स्कूटरवरून नेते. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट. डाव्या हाताने पट्टा लावायला तिला वेळ लागतो, आणि तो लागेपर्यंत मी गाडी हलवत नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. तुझ्यासारखे शहाणे सगळीकडेच असतात.

इतकं लिहिलं, पण लिहायचं ते मघापासून टाळतेय. रविवारी तू आलास, तेव्हा ती झोपलीय असं मी सांगितलं. ती जागी होती. दाराआड भिंतीला धरून उभी होती. तू चहासाठीही थांबला नाहीस, खालून गाडीचा आवाज आला, तेव्हा मी विचारलं, "जायचंय का परत?"

"नाही," म्हणाली. हा शब्द तिला शोधावा लागला नाही.

तिचं शिलाई मशीन टेम्पोवाल्याबरोबर पाठवून दे. हात चालेल तेव्हा चालेल, मशीन तिचं आहे. तू सोबत येऊ नकोस.

'तुझी धाकटी बहीण' लिहायला आज हात वळत नाही, म्हणून

वहिनीची नणंद