रंगाखाली गेलेले अठरा बोर्ड आणि अडवलेला निकाल

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी (भांडार व परीक्षा),
तंत्रशिक्षण संस्था, तळमजला.

विषय : अठरा मायक्रोकंट्रोलर बोर्डांवरील क्रमांक पुसल्याची कबुली व रोखलेला निकाल सोडण्याबाबत.
संदर्भ : आपली काल दुपारची नोटीस.

महोदय,

१. सादर करते की, माझ्या अठरा विद्यार्थ्यांनी संस्थेने दिलेली स्वस्तातली किटे घेऊन, दोन महिने बोटे भाजून घेत, एकेक सुटा भाग सोल्डर करून हे बोर्ड स्वतः जोडले. बोर्ड म्हणजे चिप बसवलेली, दोन बोटांएवढी सर्किटची पट्टी. त्यावरच परीक्षा. पास होणाऱ्यांना एक कारखाना कामावर घेणार आणि गुणपत्रिका त्या कारखान्याला येत्या सोमवारी हव्यात. एवढे आपल्या लक्षात राहावे. बाकीचे राहिले नाही तरी चालेल.

२. संस्थेच्या प्रत्येक वस्तूवर साठा क्रमांक ऑइलपेंटने ठळक लिहावा, असा नियम आहे. कपाटाला, शिडीला तो शोभतो. आपण परीक्षेच्या आदल्या दिवशी पेंटरला प्रयोगशाळेत धाडलेत. क्रमांक अकरा आकडी, वर संस्थेचे नाव. नाकापेक्षा मोती जड! जागा पुरत नाही, हे पेंटरला कळले. त्याने आपल्याला विचारलेही. मावेल तिथे लिही पण दिसलं पाहिजे, असे आपण सांगितलेत. त्याने पिनांवर आणि केबलच्या खोबणीत पांढरा रंग भरला. एकही बोर्ड चालू होईना. तीनदा चुकून चौथ्यांदा चिप नीट बसवलेली मुलगी ढसाढसा रडली. मला आपला संताप आला, तो अजून गेलेला नाही.

३. मी धावत आपल्याकडे आले. बोर्ड चालणे ही माझी जबाबदारी आणि क्रमांक दिसणे ही आपली, असे आपण चहा पीत फर्मावलेत. हे मी घरी सासूबाईंना सांगितले. त्या शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, तरी हसल्या.

४. म्हणून क्रमांक मी पुसले. थिनर, जुना टूथब्रश आणि माझा हात. मुलांचा यात काडीचाही दोष नाही. अठराच्या अठरा बोर्डांचे दिवे लागले, परीक्षा झाली, सगळे पास झाले.

५. आता आपण लिहिता की, क्रमांक नसलेली वस्तू कार्यालयाच्या लेखी अस्तित्वात नाही, सबब परीक्षा झालीच नाही. आणि पुढच्याच ओळीत, त्याच बोर्डांची नासधूस केल्याबद्दल माझे निलंबन! अहो साहेब, सही करण्यापूर्वी स्वतःचा कागद वाचण्याची पद्धत आपल्या खात्यात नाही काय?

६. बोर्ड नसतील, तर मी नासवले काय? असतील, तर परीक्षा झाली. काय ते एक ठरवा. माझ्यापुरते मीच ठरवून देते : बोर्ड आहेत आणि मी दोषी आहे. निलंबनाचा आदेश मीच टाइप करून वर ठेवला आहे, त्याखाली अठरा गुणपत्रिका. वरच्या कागदावर आपण आनंदाने सही करालच. हातात पेन आहे तोवर खालच्याही उरका.

उद्यापर्यंतच आपली आज्ञाधारक,
(सही)
निदेशिका, इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा
दि. १४ मार्च

सोबत : निलंबन आदेश, एक. गुणपत्रिका, अठरा.